आंजीच्या समुद्रातलं विष

१

सोमवारी सकाळी सात वाजता वासुदेवरावांच्या समुद्रातली शेवटची कोळंबी मेलेली सापडली, आणि आठ वाजायच्या आत त्यांनी दार बुजवायला गवंडी सांगितला.

आता समुद्र म्हणजे खराखुरा नव्हे हो. मोठ्या आंजीहून कोणत्याही दिशेला निघा, खरा समुद्र दिसायला एक अख्खा दिवस तरी जायचाच. वासुदेवरावांचा समुद्र त्यांच्या बैठकीत होता, तीनशे लिटरच्या काचेच्या पेटीत. आणि दार होतं मागच्या अंगणातलं. बावीस वर्षांपूर्वी दोघा भावांची वाटणी झाली, मधे भिंत उभी राहिली, पण धाकट्या गोपालच्या अंगणात जायला त्या भिंतीत एक दार ठेवलं होतं. बावीस वर्षांत त्याला कडी लागली नव्हती. उद्या सकाळी तिथं विटा चढणार होत्या.

"मावशी, तुम्ही आजच्या आज चला," वर्षालीनं वर्ध्यात प्रमिलाबाईंच्या दारात उभं राहूनच सांगितलं. वर्षाली वासुदेवरावांची मुलगी, वर्ध्यात शाळेत शिकवायची आणि प्रमिलाबाईंच्या शेजारी खोली करून राहायची. "बाबा म्हनतात गोपालकाकानंच पान्यात विष टाकलं. चावडीवर चार लोकांसमोर बोलले. एकदा थे दार बुजलं का दोघं भाऊ मरेपर्यंत तोंड पाहनार नाईत एकमेकाचं."

प्रमिलाबाईंनी चहाचा कप अर्ध्यात ठेवला. एकतीस वर्षं त्या जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत होत्या. वडनेरपासून नाचणगावापर्यंत कोणत्या गावाच्या विहिरीत काय आहे हे त्यांना तोंडपाठ होतं. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी बाटल्यांची आणि औषधांच्या थेंबांची पेटी घरात तयार असायची. सवय म्हणा की खोड म्हणा.

"मासे मेले का गं?" त्यांनी पायात चपला सरकवत विचारलं.

"नाई ना! मासे मस्त फिरून राह्यले. बाकी सगळं मेलं."

प्रमिलाबाई उंबरठ्यावरच थबकल्या. मग परत आत गेल्या आणि पेटीतली आणखी एक छोटी बाटली पिशवीत टाकून आल्या.

२

बैठकीत पाऊल टाकलं आणि प्रमिलाबाई आल्या कशाला होत्या तेच क्षणभर विसरल्या.

बाहेर मे महिन्याचं ऊन मी म्हणत होतं, कूलर घरघरत होता, आणि समोर निळा उजेड पडलेलं पाणी हलत होतं. दोन केशरी मासे, अंगावर पांढरे पट्टे, एकामागून एक दगडाच्या कपारीत शिरत होते. त्यांच्याभोवती मात्र सगळं उजाड होतं. प्रवाळ पांढरे पडलेले, शंखांच्या गोगलगायी तळाशी उलट्या, आणि कपारीजवळ ती शेवटची लालपांढरी कोळंबी आडवी.

"बाप्पा रे!" प्रमिलाबाईंच्या तोंडून निघालं. "हे सगळं तुम्ही एकट्यानं केलं, वासुदेवराव?"

वासुदेवराव साठीचे, कपाशी-तुरीचे शेतकरी. डोळे लाल झालेले. पण विचारणारं कोणी भेटलं की गडी खुलायचाच. "रामेश्वरले गेलतो जी, सहा वर्साखाली. जिंदगीत पयल्यांदा समुद्र पाह्यला. मनात आलं, हे आपल्या गावच्या पोरायनं कवा पाहाव? मंग मोबाइलवर पाहू पाहू शिकलो. नागपुरातून समुद्राचं मीठ आनलं. पन मीठ सोपं हाये. पानी कठीन."

"ते मला सांगा."

"आपल्या बोरच्या पान्यात चुना, खार, काय काय भरलेलं. थे तसंच घातलं तर समुद्र नाई, डबकं होते. म्हनून पयले पान्यातलं सगळं काढाचं. मशीन लावली, तिच्याम्होरं आनखीन एक नळी लावली, अन् पानी शून्यावर आनलं. समुद्र कराचा तर सुरवात शून्यापासून कराव लागते, बाई."

त्यांनी वही पुढे केली. पाच वर्षांची वही! रोजची तारीख, पाण्याचं तापमान, खारेपणा, आणि मशीनच्या नळाला मीटर लावून घेतलेला आकडा. पानंच्या पानं: शून्य, शून्य, शून्य. दर रविवारी तीस लिटर जुनं पाणी काढून तीस लिटर नवं घातल्याची खूण. कापूस वेचणीच्या धामधुमीत नाही, वर्षालीच्या आजोबांच्या तेराव्याच्या दिवशीही नाही, एकही रविवार चुकलेला नाही. प्रमिलाबाईंनी प्रयोगशाळेत भलेभले साहेब पाहिले होते, पण अशी वही त्यांतल्या एकाची नव्हती. त्या माणसाला मनातल्या मनात त्यांनी हात जोडले.

वही चाळता चाळता त्या पाडव्यानंतरच्या पानांवर आल्या. तिथून शून्याशेजारी दुसऱ्या खुणा सुरू झाल्या होत्या. 'दोन गोगलगायी गेल्या.' 'प्रवाळ आखडला.' गेल्या पंधरवड्यात तर वासुदेवरावांनी घाबरून दर तिसऱ्या दिवशी पाणी बदललं होतं.

आणि जितकं पाणी बदललं होतं, तितकं मरण वाढलं होतं.

३

प्रमिलाबाईंनी टाकीतलं पाणी काचेच्या नळीत घेतलं आणि छोट्या बाटलीतले थेंब टाकले. पाण्याला जांभळट रंग चढला.

"तांबं," त्या म्हणाल्या. "मासे तांबं सोसतात. कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ यांना ते इतकंसंही सोसत नाही."

"म्हंजे मोरचूद!" वासुदेवराव ताडकन उठले. "पाहा, मी म्हनत होतो का नाई? मोरचुदात तांबंच असते. गोपालच्या पडवीत पोतं पडलं हाये मोरचुदाचं, संत्र्यावर माराले आनलेलं!"

"अन् भाऊजी काऊन टाकतीन?" आतून नलूबाई पाण्याचा पेला घेऊन आल्या. वासुदेवरावांच्या बायकोचा आवाज मऊ, पण शब्द ठाम. "धाकटा भाऊ हाये थो तुमचा, दुस्मन नाई."

"बोरच्या पान्यापायी! मशीन एक लिटर चांगलं पानी देते अन् तीन लिटर फेकते. बोर दोघायची. चावडीवर नाई का म्हनला थो, दादाच्या समुद्रापायी माह्यी संत्री मरतीन म्हनून?"

प्रमिलाबाईंनी पेला घेतला. पेल्याच्या आत पांढरा थर होता. माठाच्या नळावर, बादलीच्या कडांवर, सगळीकडे तोच पांढरा थर. आंजीचं पाणी त्यांना कागद न बघता ओळखता आलं असतं.

"भांडू नका," त्या म्हणाल्या. "पाण्याला विचारू. ते खोटं बोलत नाही."

त्यांनी मशीनच्या नळाचं पाणी घेतलं. रंग नाही. मशीनचं पाणी ज्या मोठ्या पांढऱ्या ड्रममध्ये साठायचं, त्या ड्रममधलं घेतलं. रंग नाही. ड्रमच्या पाण्यात चमचाभर मीठ कालवून पाहिलं. तरी रंग नाही. शेवटी उद्या टाकीत घालायचं पाणी ज्या टबात मीठ घालून ढवळत ठेवलं होतं, त्या टबातलं घेतलं.

नळीत जांभळा रंग चढला, टाकीच्या पाण्यापेक्षाही गडद.

"म्हणजे टाकीत कोणी काही टाकलं नाही. जे काही होतं ते ड्रम आणि टबाच्या मधे होतं," प्रमिलाबाई म्हणाल्या. "हा टब रात्रभर कुठे असतो?"

वर्षालीनं मान खाली घातली. टब असायचा मागच्या अंगणात, त्या उघड्या दारापासून चार पावलांवर. आणि दाराच्या चौकटीवर निळ्या बोटांचे ठसे स्वच्छ उमटले होते.

४

"हो, माह्येच ठसे हायेत," गोपाल म्हणाला. पन्नाशीचा, उंच, रापलेला माणूस. फवारणीचा पंप उघडून बसला होता, वर पाहिलंसुद्धा नाही. "मोरचूद कालवता कालवता तिकडं गेलतो, वहिनीनं ताक प्याले बोलावलं म्हनून. आता ताक पेलं हाच गुन्हा असन तर लावा फाशी."

"बोरच्या पाण्यावरून बोललात ना तुम्ही?"

"बोललो. रागात माणूस बोलते. पन बाई, शनिवारी शाळेची पोट्टी येतेत दादाचा समुद्र पाहाले, थेव्हा रांगेत उभं करून टाकीजवळ कोन सोडते त्यायले? मी सोडतो. आनखीन काय सांगू?" त्यानं पंपाची नळी झटकली. "दादानं मले एक शब्द इचारला नाई. सरळ गवंडी सांगतला."

त्याची बायको जया चुलीपाशी उभी होती. ती पदरानं डोळे पुसत म्हणाली, "आमी तर एप्रिल महिन्यात आठ दिवस घरातच नोयतो जी. आमच्या पोरीचं, काजलचं, बाळंतपन होतं, वडनेरले. दोघंई तिथंच होतो."

प्रमिलाबाईंनी वही उघडली. त्या आठ दिवसांत एक रविवार आला होता. त्या रविवारी पाणी बदललं होतं, आणि मंगळवारी वासुदेवरावांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'तीन गोगलगायी गेल्या.'

वडनेरला बसून आंजीच्या टबात मोरचूद टाकता येत नाही. गोपाल सुटला.

मग उरला राकेश, मशीन लावणारा वर्ध्याचा मेकॅनिक. त्याला फोन लावला तर तोच उलटा गहिवरला. "मॅडम, हजार-दीड हजार मशिना लावल्या मी. सगळे म्हनतात पानी गोड पायजे. शून्य पायजे म्हननारा हा एकच बाप्पा भेटला! त्याच्या मशिनीत मी खोट कायले करीन? अन् पाडव्याच्या आधीपासून मी तिकडं गेलोच नाई, फिल्टर पन थोच बदलते." शिवाय राकेशचं काम नळापाशी संपत होतं, आणि नळ तर स्वच्छ होता.

राहिली होती ड्रमपासून टबापर्यंतची बारा पावलं.

"ड्रममधलं पाणी टबात कोण भरतं?" प्रमिलाबाईंनी परत येऊन विचारलं.

"माही कंबर धरते," वासुदेवराव म्हणाले, "म्हनून थे काम वर्षालीच्या मायचं. मी सकाळी मीठ घालतो."

नलूबाई तिथं नव्हत्या. त्या देवघरात दिवा लावत होत्या.

५

देवघराच्या कोपऱ्यात तिवईवर तांब्याच्या दोन घागरी होत्या. चिंचेनं घासलेल्या, आरशासारख्या लखलखीत.

"सुंदर आहेत," प्रमिलाबाई म्हणाल्या. "नव्या का?"

"पाडव्याले घेतल्या, वर्ध्याहून," नलूबाई दिव्याची वात सारखी करत म्हणाल्या.

पाडव्याला. वहीतलं मरणही पाडव्यानंतरच सुरू झालं होतं, हे प्रमिलाबाईंना आठवलं. त्यांनी मोबाइलची बॅटरी लावली आणि एका घागरीच्या तोंडातून आत पाहिलं. तोंड अरुंद, मूठही आत जाणार नाही, म्हणजे आतून घासायचा प्रश्नच नव्हता. या घरात पेला पांढरा, माठाचा नळ पांढरा, बादली पांढरी. आंजीचं पाणी दोन महिने भरलं असतं तर घागरही आतून पांढरी पडली असती. पण आतला तांबूस रंग जसाच्या तसा होता. चुन्याचा एक ठिपकासुद्धा नाही.

या घरात असं पाणी एकच होतं.

प्रमिलाबाई खाली पाटावर बसल्या. खुनी सापडल्याचा आनंद वगैरे काही झाला नाही. उलट वाटलं, ही बॅटरी लावलीच नसती तर बरं झालं असतं.

"नलूबाई," त्या हळूच म्हणाल्या, "त्यांचं शून्य पाणी तुम्ही रात्री यात ठेवता ना?"

नलूबाई दचकल्या. मग लाजल्यासारखं हसल्या. "यायले नका सांगू बरं. हे कोनाले पान्याले हात लावू देत नाईत, भराचं तेवढं मले देल्लं. पन तुमीच सांगा बाई, ज्या पान्यात काईच नाई, मीटर लावलं तं शून्य येते, थे पानी जिवायले कसं पोसन? अन् वरून पिलास्टिकात! आमच्या घरी लहान लेकराले, बाळंतिनीले, आजाऱ्याले तांब्यातलंच पानी देतेत. म्हनून मी रात्रभर घागरीत ठेवतो अन् हे उठाच्या आधी टबात ओततो. मुकी जनावरं हायेत थे, त्यायले सत्त्व नोको का?"

प्रमिलाबाईंनी बॅटरी बंद केली.

"अन् मराले लागले थेव्हापासून तं मी एक रात्र नाई, दोन दोन रात्री ठेवून राह्यले," नलूबाई म्हणाल्या. म्हणता म्हणता त्यांनी प्रमिलाबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि त्यांचं बोलणं तिथंच थांबलं.

हुशार बाई होती. कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. ज्या पाण्यात काहीच नसतं ते भुकेलेलं असतं, ज्या भांड्यात ठेवाल त्याचं थोडं थोडं खातं. माणसाला ते चालतं. कोळंबीला नाही. नवऱ्यानं घाबरून पाणी जास्त वेळा बदललं, बायकोनं घाबरून तांब्यात जास्त वेळ ठेवलं, आणि दोघांच्या मायेनं मिळून टाकी मारली. वासुदेवरावांची चूक एवढीच, की इतक्या वर्षांत मीटर कायम नळाला लावलं, टबाला एकदाही नाही.

"माह्याच हातानं," नलूबाई म्हणाल्या, आणि घागरींसमोर खाली बसल्या.

प्रमिलाबाईंनी त्यांचा हात धरला. "ऐका माझं. गोपालभाऊंनी काही केलं नाही एवढं सिद्ध झालं, ते पुरे आहे. नळाच्या पाण्याची चाचणी माझीच चुकली, मशीनची एक नळी खराब निघाली असं मी सांगते. राकेशला मी समजावते. तुमचं नाव कशाला यायला हवं? घागरी फक्त परत वापरू नका."

एकतीस वर्षांत प्रमिलाबाईंनी एकही खोटा अहवाल लिहिला नव्हता. आज पहिला लिहायला त्या मनापासून तयार होत्या.

६

नलूबाई उठल्या.

"नाई," त्या म्हणाल्या. "भाऊजीचं नाव चावडीवर खराब झालं. त्यायनं काईच नाई केलं, अन् मी नळीवर ढकलून चूप बसू? थ्या राकेशच्या पोटावर पाय देऊ? माह्याच्यानं नाई होनार, बाई."

एक घागर कडेवर घेऊन त्या तडक बैठकीत गेल्या. वासुदेवरावांना आधी कळेचना. मग कळलं. ते बायकोकडे पाहत राहिले, टाकीकडे पाहिलं, पुन्हा बायकोकडे. पाच वर्षांची मेहनत होती ती. प्रमिलाबाईंना वाटलं, आता हा माणूस फुटतो.

"मले एकदा सांगाचं होतं," एवढंच ते म्हणाले.

"तुमी इचारलं असतं तं सांगतलं असतं. तुमी कोनालेच इचारत नाई. भाऊजीलेई नाई इचारलं." आणि नलूबाई मागच्या अंगणातून, निळ्या ठशांच्या चौकटीतून, सरळ गोपालच्या अंगणात गेल्या.

शेजारची दोन-चार माणसं भिंतीवरून डोकावत होतीच. आंजीत भांडण म्हणजे फुकटचा तमाशा. नलूबाईंनी ते पाहिलं, आणि आवाज खाली आणण्याऐवजी वरच चढवला. "सगळे ऐका! वर्षालीच्या बाबाचा समुद्र मी मारला. या घागरीतलं पानी घालून. भाऊजीचा काडीचा दोष नाई. ज्यानं ज्यानं चावडीवर ऐकलं त्यानं हेई ऐकून घ्या."

प्रमिलाबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या. आयुष्यात हुशार माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती, सरळ माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यात आज एकीची भर पडली. आणि आपण हिला खोटं बोलायला सांगत होतो, या विचारानं त्यांना कानकोंडं झालं.

गोपालनं पंप खाली ठेवला होता. नलूबाईंच्या मागून वासुदेवराव आले, कंबर धरत, एक एक पाऊल टाकत. धाकट्या भावासमोर ते उभे राहिले. वडील गेल्यापासून या घरात शेवटचा शब्द त्यांचाच असायचा.

"चुकलो, गोपाल," ते म्हणाले.

गोपालनं दादाकडे पाहिलं नाही. तो वहिनीसमोर येऊन उभा राहिला.

"वहिनी," तो म्हणाला, "तुमी लगीन होऊन आल्या थेव्हा मी दुसरीत होतो. माय नोयती मले. तापानं फनफनलो होतो तं रातभर उशाशी बसून चमच्या-चमच्यानं पानी पाजलं तुमी. थेई तांब्यातलंच होतं." त्यानं घागर त्यांच्या हातातून काढून घेतली. "मी मेलो का?"

तेव्हा कुठं नलूबाई रडल्या. दिवसभरात पहिल्यांदाच, आणि अगदी पोटापासून.

गोपालनं घागर ओट्यावर ठेवली आणि बायकोकडे वळला. "जया, दादाले अन् वहिनीले ताट वाढ. अन् त्या वर्ध्याच्या बाईलेई वाढ, सकाळपासून उपाशी हाये थे."